जनावराने माणसाला इजा केली तर भरपाई कोणी द्यायची?



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांबद्दल लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, पण उसाच्या फडापासून आणि कारखान्याच्या गाडीतळापासून तो लांबचा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात परगावच्या बैलजोड्या येतात. परगावची माणसे आपल्या फडात राबतात, त्यांची पोरेबाळे बांधावर खेळतात, पाण्यासाठी आपल्या गोठ्यापर्यंत येतात. आपला कुत्रा त्यांना ओळखत नाही, आपला बैलही ओळखत नाही. मग कुणाला शिंग लागते, कुणाच्या बरगडीत लाथ बसते, कुणाची पोटरी कुत्रा धरतो. चार माणसे जमतात आणि ठरलेले बोलणे होते, "मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय? दोष द्यायचा तर कुणाला?"

जनावराला दोष देता येत नाही हे खरेच. पण कायदा जनावराला काही विचारत नाही. तो मालकाला विचारतो, की तुला काय ठाऊक होते आणि ठाऊक असून तू काय केलेस. या दोन प्रश्नांची उत्तरे सभासदांच्या कामाची आहेत, कारण आपण कधी जनावराचे मालक असतो, तर कधी दुसऱ्याच्या जनावराने मारलेले. आम्ही शेतकी खात्याची माणसे, वकील नव्हे. प्रत्यक्ष दावा लावायचा तर वकिलाकडेच जावे लागेल. पण निदान कुठे जायचे, किती दिवसांत जायचे आणि काय बरोबर न्यायचे एवढे तरी आधी माहीत असावे.

जनावराने केलेल्या इजेची भरपाई किती आणि केव्हा, हे सांगणारा एकच असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. हे नियम न्यायालयांच्या निकालांतून घडत आले आणि त्यांचे मूळ इंग्लंडातल्या जुन्या निकालांत आहे. खुद्द इंग्लंडने १९७१ साली जनावरांविषयी वेगळा कायदा करून आपले नियम लिहून काढले. आपल्याकडे अजून जुन्या नियमांवरच काम चालते. हे जुने नियम जनावरांचे दोन वर्ग करतात. वाघ, अस्वल, माकड अशी जातीनेच रानटी असलेली जनावरे एका वर्गात, आणि गाय, बैल, घोडा, शेळी, कुत्रा अशी माणसाळलेली दुसऱ्यात.

पहिल्या वर्गातले जनावर ज्याने पाळले त्याची सुटका नाही. त्याने किती काळजी घेतली, साखळी किती जाड होती, हे कोणी विचारत नाही. चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. वकील मंडळी याला निरपेक्ष दायित्व म्हणतात. याचे एक गाजलेले उदाहरण लंडनच्या सर्कशीतले आहे. सर्कशीचे हत्ती रिंगणाकडे चालले होते. वाटेत एका टपरीपाशी एक लहानसे कुत्रे भुंकू लागले. त्यातली एक हत्तीण बिथरून कुत्र्याच्या मागे लागली, त्यात टपरी कोसळली आणि आत बसलेली बाई जखमी झाली. हत्तीण ब्रह्मदेशातली, शिकवलेली, गाईसारखी गरीब. कुत्रे सर्कशीचे नव्हे, टपरी चालवणाऱ्यानेच नियम मोडून आणलेले. तरीही १९५७ साली न्यायाधीशांनी सर्कशीच्या मालकालाच जबाबदार धरले. हत्ती ही जात धोकादायक, मग ही एक हत्तीण कितीही गरीब असली तरी फरक पडत नाही, असे त्यांनी ठरवले.

बैलाचे तसे नाही. बैल ही जात माणसाळलेली आहे, म्हणून बैलाने मारले एवढ्यावरून मालक आपोआप देणेकरी होत नाही. १८६३ सालच्या इंग्लंडातल्या एका निकालात रस्त्यावर मोकळ्या असलेल्या घोड्याने एका लहान मुलाला लाथ मारली होती. मुलाला भरपाई मिळाली नाही, कारण घोड्याला लाथेची खोड आहे हे मालकाला ठाऊक होते असे कोणी दाखवू शकले नाही. सगळा दावा अडतो तो इथेच. त्या जनावराला माणसावर जाण्याची खोड होती आणि ती मालकाला ठाऊक होती, हे जखमीने दाखवले की बैलाचा मालक सर्कशीच्या मालकाच्या ओळीत येऊन बसतो. मग "मी दावं बांधलं होतं, तुटलं त्याला मी काय करू" हे सांगून भागत नाही.

आता खोड ठाऊक होती हे दाखवायचे कसे? गावात ही गोष्ट बहुतेक वेळा लपलेली नसते. कोणाचा बैल मारका आहे हे पोरासोरांनाही माहीत असते. कितीदा तर मालकच पारावर कौतुकाने सांगतो, "आपल्या खिलाऱ्याजवळ परका मानूस फिरकत न्हाई." हे कौतुक उद्या चार साक्षीदारांच्या तोंडून न्यायालयात येऊ शकते. बैलाच्या गळ्यात लोढणे बांधलेले असेल, वैरण टाकायला घरातली बाई न जाता गडीच जात असेल, शिंगांच्या टोकांवर गोळे बसवलेले असतील, तर यावरूनही मालकाला अंदाज होता असा अर्थ काढता येतो. दारावरच्या 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीचेही तसेच आहे. पाटीने येणारा माणूस सावध होतो हे खरे, पण मालकाला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होता हेही तीच पाटी सांगते. म्हणून पाटी काढून टाका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पाटी लावून कुत्रा मोकळा सोडू नका, एवढेच म्हणतो.

गावोगाव एक समज पक्का बसला आहे, की पहिल्या खेपेला माफी असते, दुसऱ्यांदा मारले तरच मालक अडकतो. हे तितके खरे नाही. आधी प्रत्यक्ष कुणाला जखम झालेलीच असली पाहिजे असे नाही. बैल माणसावर धावून जातो, अंगावर येतो, एवढे ठाऊक असले तरी पुरते. शिवाय ही माहिती मालकाला स्वतःलाच हवी असेही नाही. जनावर ज्याच्या ताब्यात दिले आहे त्या गड्याला ठाऊक असेल तर ती मालकालाच ठाऊक आहे असे धरले जाते. मालक पुण्याला नोकरीला आणि बैल सालगड्याच्या हवाली, म्हणून मालक मोकळा, असे होत नाही.

खोड ठाऊक असल्याचा पुरावा नसला तरी दावा तिथेच संपत नाही. मग साधा निष्काळजीपणाचा नियम लागू होतो. विचारी माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेतल्याने दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. इथे जनावर गरीब आहे की मारके हा मुख्य प्रश्न राहत नाही, त्याला कुठे आणि कसे ठेवले होते हे पाहिले जाते.

आपल्या गाडीतळाचेच पाहू. संध्याकाळी वजनकाट्यापासून गाड्यांची रांग लागते. बैल सकाळपासून जुंपलेले, भुकेजलेले, पुढच्या गाडीवरच्या वाढ्यांकडे मान लांबवणारे. शेजारून ट्रॅक्टर जातो, त्यावर कर्णे लावून गाणी चालू. समजा, अशा ठिकाणी गाडीवान दहा वर्षांच्या पोराच्या हाती कासरा देऊन चहाला गेला, हॉर्न वाजला, बैल बुजले, गाडी उधळली आणि दुसऱ्या टोळीतल्या बाईच्या पायावरून चाक गेले. बैल आयुष्यात प्रथमच उधळले असतील. पण गर्दीत, आवाजात, पोराच्या हाती जुंपलेली जोडी ठेवली तर काय होऊ शकते हे गाडीवानाला कळायलाच हवे होते. हा निष्काळजीपणा झाला. ट्रॅक्टरवाल्याने बैलांच्या कानाशी मुद्दाम हॉर्न दाबला असेल तर भरपाईचा वाटा त्याच्याही अंगावर येतो. एका अपघाताला दोघे जबाबदार असू शकतात, हे पुष्कळांना माहीत नसते, आणि मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून जखमीला वाऱ्यावर सोडतात.

उलट असे समजा, की गाडीवान कासरा धरून धुरेवर बसला आहे, वेसण नीट आहे, बैल कधी बुजल्याचे कोणी पाहिलेले नाही, आणि जवळच अचानक टायर फुटला. आता मालकाला दोष देणे कठीण. जखम तीच, पण भरपाई मिळेलच असे नाही. पुष्कळ लोकांना हा अन्याय वाटतो. आम्हालाही वाटतो. परंतु नियम असा आहे.

गाडीत किती माल भरला, बैल किती तास जुंपले, हेही इथे पाहिले जाते. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांबाबत केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे जनावर दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. जेथे तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपायचे नाही. हे नियम बैलांवर दया म्हणून केलेले आहेत. पण दमलेला बैल उतारावर गाडी आवरू शकत नाही आणि माणूस चिरडला जातो, तेव्हा हेच नियम मोडल्याचे मालकाच्या विरुद्ध सांगितले जाते. रांग वेळेत हलवणे हे काम मात्र कारखान्याचे आहे. गाडीवानाला त्याबद्दल दोष देऊन चालणार नाही, हे आम्ही आमच्या खात्यातही बोलून दाखवलेले आहे.

आता सभासदांच्या गोठ्याकडे येऊ. आपल्या फडात तोडणी चालू असताना टोळीची माणसे आपल्या परवानगीने आपल्या रानात वावरत असतात. त्यांना चोरवाटेने आलेल्या माणसासारखे लेखता येत नाही. पाण्याची टाकी गोठ्यापलीकडे असेल तर ती माणसे गोठ्यावरूनच जाणार. मारका बैल त्या वाटेवर बांधला आणि कोणाला सांगितले नाही, तर "माझ्या रानात माझा बैल" हे उत्तर पुरे पडणार नाही. टोळी येण्याच्या आदल्या दिवशी असे जनावर मागे नेऊन आखूड दाव्याने, दोन ठिकाणी बांधावे आणि मुकादमाला तोंडी नव्हे, हाताने दाखवून सांगावे. सालगड्याचेही तसेच. बैलाची खोड लपवून नव्या गड्याला जोडी हाती दिली आणि त्याला इजा झाली, तर मालकाला झटकता येत नाही. बाजारात खोड झाकून बैल विकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती किती शहाणपणाची मानतात हे आम्हास ठाऊक आहे, पण त्या बैलाने पुढे कुणाचा जीव घेतला तर विकणाऱ्यालाही ते जड जाऊ शकते.

जखमीची स्वतःची चूक असेल तर काय? बांधलेल्या बैलाला खडे मारले, शेपटी पिरगाळली, तर भरपाई कमी होते किंवा अजिबात मिळत नाही. दोघांची चूक असेल तर न्यायालय वाटणी करते. पण लहान मुलाला हा नियम मोठ्या माणसाच्या मापाने लावत नाहीत. कोपीतले पाच वर्षांचे पोर बैलाजवळ गेले यात पोराची चूक काय? मुले जवळ येणार हे धरूनच जनावर बांधावे लागते.

रस्त्याबद्दल थोडे. मोकाट गाय आडवी आल्याने मोटारसायकलवाला पडला तर पुष्कळ जण मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे धावतात. त्या न्यायाधिकरणात दावा चालतो तो मोटार वाहनामुळे झालेल्या इजेचा. गाईच्या मालकाकडून भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते. रात्री रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीला मागे लाल परावर्तक नसेल आणि कोणी येऊन धडकला, तर गाडीवानाची बाजू लंगडी पडते. परावर्तक लावायला फार खर्च नाही. लावून घ्या.

बिबट्या उसात असतोच. त्याचा मालक कोणी नाही, म्हणून वरचे नियम त्याला लागू नाहीत. तिथे राज्य शासन मदत देते आणि त्यासाठी कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. २०२३ साली वाढवलेल्या दरांप्रमाणे मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर जखमीस ५ लाख रुपये अशी ही मदत आहे. वन खात्यास ताबडतोब कळवावे. त्यांचा फुकट दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. भटक्या कुत्र्यांबाबत पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाला जबाबदार धरून दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये, आणि मांस निघाले असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २० हजार रुपये भरपाई ठरवून दिली. तो निकाल त्या भागापुरता आहे, पण आपल्याकडच्या दाव्यात वकिलाला तो दाखवता येतो. आणि कुत्रा पाळीव असो की भटका, चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. तिथल्या केसपेपरला पुढे पुरावा म्हणूनही किंमत आहे.

भरपाईखेरीज फौजदारी बाजू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पूर्वी दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा १ हजाराची होती. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्याचे ठरले तर कलम १०६ लागते, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र दंड सरकारजमा होतो. जखमीला घर चालवायला पैसे हवेत तर दिवाणी दावा वेगळा करावा लागतो. फौजदारी केस केली म्हणजे भरपाई मिळाली, असे समजून बसू नये.

दाव्याची मुदत इजेपासून ३ वर्षे आहे. माणूस दगावला असल्यास १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याप्रमाणे नवरा किंवा बायको, आईवडील व मुले यांच्यासाठी दावा करता येतो, पण मृत्यूपासून २ वर्षांच्या आत. जखमी लहान मूल असेल तर ते १८ वर्षांचे झाल्यावर पुढे ३ वर्षे मिळतात. खर्चाची धास्ती घेऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची किंमत येते.

"बैलाचा विमा उतरवलाय, विमावाले देतील" असे म्हणणारे मालकही आढळतात. पशुविमा बैल मेला तर मालकाला पैसे देतो. बैलाने माणूस मारला तर त्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. जखमी माणूस स्वतः शेतकरी असेल तर मात्र २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेकडे जरूर बघावे. वय १० ते ७५, खातेदार व त्याच्या घरातली एक व्यक्ती, मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख. सर्पदंश व जनावरामुळे झालेला अपघात त्यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा आहे. सुतक फिटेपर्यंत थांबून ही मुदत गेलेली घरे आमच्या पाहण्यात आहेत.

बहुतेक प्रकरणे गावातच मिटतात आणि मिटावीतही. पण "औषधपाण्याचं मी बघतो" एवढ्या बोलावर मिटवू नये. काय द्यायचे, केव्हा द्यायचे, औषधाखेरीज बुडालेल्या मजुरीचे काय, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावेत. हाड मोडले असेल तर उपचार संपून डॉक्टर हात किंवा पाय किती चालेल हे सांगेपर्यंत 'यापुढे काही मागणे नाही' असे लिहून देऊ नये. मालकानेही दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, नाहीतर तेच पैसे दुसऱ्यांदा मागितले जातात.

टोळीतल्या माणसाला इजा झाली असेल तर आणखी एक अडचण येते. दावा इजा झाली त्या ठिकाणच्या किंवा मालक राहतो तिथल्या न्यायालयात करायचा असतो, जखमीच्या गावी नाही. पट्टा पडला की टोळी बीडकडे किंवा नगरकडे निघून जाते आणि साक्षीदारही तिच्याबरोबरच जातात. तेव्हा पोलीस पाटलांकडची नोंद, दवाखान्याचा केसपेपर, प्रसंग पाहिलेल्यांची नावे व त्यांच्या गावचे पत्ते पट्टा पडण्याआधीच गोळा करावेत. टोळीच्या मुकादमाचा गावचा पत्ता आमच्या गट कार्यालयात करारावर असतो. जखमी माणसाने किंवा ज्यांच्या फडात प्रसंग घडला त्या सभासदाने चिटबॉयकडे मागितला तर तो देण्यास आम्ही सांगितले आहे.